ऑलमन ब्रदर्स बँड ऐकायला कुठून सुरुवात करायची?

गाण्यांच्या ॲपवर या अमेरिकन रॉक बँडचं नाव टाकलं की अल्बमांची रांग लागते. त्यातले बरेचसे लाईव्ह, नावं म्हणजे नुसती गावं आणि तारखा, आणि जवळजवळ प्रत्येकात तीच आठ-दहा गाणी. नवा माणूस गोंधळतो आणि 'बेस्ट ऑफ' लावतो. चार-चार मिनिटांची गाणी ऐकून त्याला बँड बरा वाटतो, पण लोक याच्यासाठी इतके वेडे का, हे काही कळत नाही.

'बेस्ट ऑफ'ने ते कळणारही नाही. या बँडचं गाणं बंदिशीसारखं असतं: लिहिलेला भाग छोटा, खरा मामला त्याच्या विस्तारात. तीच रचना मार्चमध्ये तेरा मिनिटांची असते, सप्टेंबरमध्ये आणखी लांबते आणि तिचा स्वभावही बदलतो. म्हणून इथे दिलेला क्रम प्रकाशनाच्या वर्षांप्रमाणे नाही. आधी मंचावरचा बँड, मग स्टुडिओतला, मग एकच गाणं निरनिराळ्या तारखांना, असा तो आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- स्टिरिओ हेडफोन, तारेचे असोत की बिनतारी. फोनच्या स्पीकरवर हा बँड ऐकूच नका. त्यावर बास जवळजवळ नाहीसा होतो आणि दोन गिटारांचा एकच गोळा होतो.
- कुठलंही स्ट्रीमिंग ॲप. मुख्य अल्बम सगळीकडे असतात.
- वेळ. पाच मुख्य अल्बम मिळून चार तासांच्या थोडं वर जातात. ते एका दिवसात संपवू नका. एका बैठकीला एक अल्बम, आणि डबल, म्हणजे दोन तबकड्यांचा, अल्बम असेल तर दोन बैठका.
- एक वही. तारीख, गाण्याची लांबी, कुणाचा सोलो आधी आला एवढंच टिपायचं. पाचव्या पायरीला तिची गरज लागणार आहे.

१. ॲपची सेटिंग आधी नीट करा

हे काम दोन मिनिटांचं आहे, पण न केल्यास बराच रसभंग होतो.

क्रॉसफेड बंद करा. लाईव्ह अल्बममध्ये एका गाण्यातून दुसरं निघतं. क्रॉसफेड चालू असेल तर ॲप दोन्हींची टोकं एकमेकांवर चढवतं आणि सुरुवातीचे स्वर बुडतात. गॅपलेस प्लेबॅक, म्हणजे दोन गाण्यांत खंड न पडू देणारी सोय, मात्र चालू हवा. शफल बंद. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरंच काही वाजवणारा ऑटोप्लेही बंद. आवाजाची पातळी सारखी करणारं नॉर्मलायझेशन असेल तर तेही काढा. काही ॲपमध्ये त्याने हळू गाणं आणि मोठं गाणं यांतलं अंतर बुजतं.

२. कोण काय वाजवतं ते पाठ करा

बँड १९६९ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला जमला आणि लवकरच जॉर्जियातल्या मेकनला राहायला गेला. मूळ सहा जण असे:

- डुएन ऑलमन: गिटार. स्लाइड म्हणजे जवळपास नेहमी हाच. 'कोरिसिडिन' या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली बोटात घालून तो तारांवरून फिरवायचा.
- डिकी बेट्स: दुसरा गिटारवादक, पण दुय्यम मुळीच नाही. याच्या चाली गोड आणि गोलाईदार असतात, त्यांना कंट्री संगीताचा वास येतो.
- ग्रेग ऑलमन: डुएनचा धाकटा भाऊ. गायन आणि हॅमंड ऑर्गन.
- बेरी ओकली: बास. मागे राहून नुसता ठेका धरत नाही, तिसऱ्या गिटारसारखा बोलतो.
- बुच ट्रक्स आणि जेमो: दोघंही ड्रम्सवर. बुच गाडी पुढे रेटतो. जेमो जॅझ आणि रिदम अँड ब्लूजमधून आलेला, तो त्या ठेक्याच्या भोवती फिरतो. सुरुवातीला दोघं वेगळे काढता आले नाहीत तरी बिघडत नाही.

दोन गिटार ओळखायच्या कशा? 'ॲट फिलमोर ईस्ट' लावा. पहिलंच गाणं 'स्टेट्सबरो ब्लूज'. त्यात काचेवरून घसरत जाणारा जो स्वर आहे तो डुएनचा. तो कुठल्या कानात येतोय ते पाहा आणि लिहून ठेवा. आता दुसऱ्या कानातला डिकी. पुढे स्लाइड नसलेल्या गाण्यांतही हाच आधार घ्या. इथला सापळा असा की प्रत्येक ध्वनिमुद्रणाचं मिक्सिंग वेगळं असतं. नवा लाईव्ह अल्बम लावला की स्लाइडचं गाणं शोधून ही परीक्षा पुन्हा करायची, जुना निकाल तिथे गृहीत धरायचा नाही.

३. पहिला अल्बम: 'ॲट फिलमोर ईस्ट'

हा न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात १९७१ च्या मार्चमध्ये मुद्रित झाला आणि त्याच वर्षी जुलैत आला. निर्माता टॉम डाउड. गाणी सातच, पण वेळ सव्वा तासाच्या आसपास. डबल एलपी होता, तेव्हा मूळ चार बाजूंप्रमाणेच ऐका:

पहिली बाजू: 'स्टेट्सबरो ब्लूज', 'डन समबडी राँग', 'स्टॉर्मी मंडे'. तिन्ही जुन्या ब्लूज रचना, आणि तिन्ही आटोपशीर. इथे फक्त आवाज ओळखीचे करून घ्या.

दुसरी बाजू: 'यू डोन्ट लव्ह मी', एकच गाणं, १९ मिनिटं. मधे सगळे थांबतात आणि डुएन एकटाच वाजवत राहतो. सभागृहातली शांतता ऐकू येते. नवे श्रोते 'हे किती लांबतंय' म्हणून गाणं पुढे ढकलतात ते नेमकं इथेच. ढकलू नका. तो सोबतीशिवाय एखादा तुकडा कसा मांडतो, मोडतो आणि परत जोडतो, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे सहसा मिळत नाही.

तिसरी बाजू: 'हॉट लँटा' आणि 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'. दोन्हींत शब्द नाहीत. 'एलिझाबेथ रीड'चं नाव मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका शिळेवरून घेतलेलं आहे. सुरुवातीला जो व्हायोलिनसारखा फुलत येणारा आवाज आहे तो डिकीच्या गिटारचाच: आवाजाची कळ शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग कळ हळूहळू उघडायची. त्यामुळे छेडल्याचा आघात कानी पडत नाही, नुसता स्वर उमलतो. मग दोन गिटारांची जोडधून, डिकीचा सोलो, ग्रेगचा ऑर्गन, डुएनचा सोलो, ड्रम्स आणि परत धून. हा क्रम वहीत लिहा.

चौथी बाजू: 'व्हिपिंग पोस्ट', सुमारे २३ मिनिटं. सुरुवात बेरी एकटा करतो. इथे बोटांवर मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. अकरा मात्रांचं आवर्तन. शेवटच्या गटात एक मात्रा कमी असल्यामुळे दर वेळी पाऊल अर्धवट पडल्यासारखं वाटतं आणि पुढचं आवर्तन आपल्याला ओढून घेतं. गायन सुरू झालं की ठेका तीन-तीनच्या सरळ गटांत येतो आणि तो ताण सुटतो. पहिला सोलो डुएनचा, दुसरा डिकीचा. त्यानंतर ठेकाच विरघळतो, बराच वेळ सगळे नुसते एकमेकांना चाचपत वाजवतात. पहिल्या ऐकण्यात हा भाग हरवल्यासारखा वाटेल. बासला धरून राहा, म्हणजे वाट सापडते.

डिलक्स आवृत्तीच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. तिच्यात 'माउंटन जॅम'सकट पुढच्या 'ईट अ पीच' अल्बममधली लाईव्ह गाणीही घातली आहेत. त्यामुळे मूळ सात गाण्यांचा बांधीव घाट दिसत नाही. ॲपवर सात गाण्यांचीच आवृत्ती शोधा.

४. आता मागे वळा: स्टुडिओतले दोन अल्बम

'द ऑलमन ब्रदर्स बँड', १९६९, सात गाणी, ३३ मिनिटं. 'आयडलवाइल्ड साउथ', १९७०, तीही सातच, ३१ मिनिटं. 'बिगिनिंग्ज' नावाचा संच दिसला तर तो म्हणजे हेच दोन एकत्र. वेगळा अल्बम समजून पुन्हा घेऊ नका.

पहिल्यात थेट शेवटच्या गाण्यावर जा. तिथली 'व्हिपिंग पोस्ट' जेमतेम सव्वापाच मिनिटांची आहे. तेवीस मिनिटांचा विस्तार ऐकून आलेल्या कानाला तिचा सांगाडा लख्ख दिसतो. म्हणूनच आधी फिलमोर ऐकायचा. उलट क्रमाने ऐकणाऱ्याला लाईव्ह गाणं 'लांबवलेलं' वाटतं. या क्रमाने स्टुडिओतलं गाणं 'आटवलेलं' वाटतं, आणि ते खऱ्याच्या जास्त जवळ आहे. त्याच अल्बममधलं 'ड्रीम्स' सोडू नका. दोन स्वरसंघांवर डोलणारा ठेका, आणि डुएनचा सोलो आधी साध्या बोटांनी, मग स्लाइडवर. जेमोने या मंडळींना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन हे जॅझवादक ऐकायला लावलं होतं, त्याचा परिणाम इथे उघड आहे.

'आयडलवाइल्ड साउथ'वर 'मिडनाइट रायडर' आणि स्टुडिओतली 'एलिझाबेथ रीड' ही दोन महत्त्वाची. 'हूची कूची मॅन'मध्ये आवाज ग्रेगचा का वाटत नाही असा प्रश्न पडेल. तो बेरी ओकलीचा आहे.

५. एकच गाणं, अनेक तारखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गाणं निवडा 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड', आणि या क्रमाने ऐका:

अ) 'आयडलवाइल्ड साउथ', १९७०. सात मिनिटांच्या आत.

आ) 'ॲट फिलमोर ईस्ट', मार्च १९७१. सुमारे १३ मिनिटं.

इ) 'द १९७१ फिलमोर ईस्ट रेकॉर्डिंग्ज', २०१४ मध्ये आलेला सहा सीडींचा संच. यात १२ आणि १३ मार्चचे प्रत्येकी दोन खेळ आहेत, शिवाय २७ जूनचा, म्हणजे ते सभागृह कायमचं बंद झालं त्या रात्रीचा कार्यक्रम. एकाच दिवसाचे दोन खेळ एकापाठोपाठ ऐका. काही गाण्यांत सॅक्सोफोनही भेटेल. डाउडला तो पसंत पडला नाही, म्हणून मूळ अल्बममध्ये तो नाही.

ई) 'एस.यू.एन.वाय. ॲट स्टोनीब्रूक', १९ सप्टेंबर १९७१. डुएनच्या शेवटच्या काही आठवड्यांतला कार्यक्रम. याच संचात 'ब्लू स्काय' डुएनसोबत मंचावर ऐकायला मिळतं, आणि ते दुर्मीळ आहे.

उ) 'वाइप द विंडोज, चेक द ऑइल, डॉलर गॅस', १९७६ चा लाईव्ह अल्बम. यातली 'एलिझाबेथ रीड' १९७३ ची आहे. डुएन नाही, समोर पियानो आहे.

ऊ) 'सेकंड सेट', १९९५. तीच रचना ॲकॉस्टिक गिटारांवर.

प्रत्येक वेळी तीनच गोष्टी टिपा: डिकीची सुरुवातीची आलापी किती लांबली, कुणाचा सोलो आधी आला, आणि ड्रम्सनंतर धून परत येताना सगळे एकदम सापडले का. बाकी वर्णन लिहीत बसू नका, कान वहीत अडकतो.

इथला मोठा सापळा म्हणजे शोधपट्टीत गाण्याचं नाव टाकणं. एकाच नावाची डझनावारी गाणी समोर येतात. गाणं शोधू नका, अल्बम शोधा, आणि लांबी ताडून पाहा. आ) म्हणून नऊ मिनिटांचं काही वाजत असेल तर ते फिलमोरचं नव्हे. दुसरा सापळा 'लाईव्ह रेडिओ ब्रॉडकास्ट' छापाच्या नावांचा. त्यांवर तारीख आणि ठिकाण धड नसतं, आवाजही खरवडलेला असतो. बँडच्या स्वतःच्या संग्रहातून निघालेल्या संचांवर गाव आणि तारीख स्पष्ट असते.

६. 'ईट अ पीच': अर्धा डुएनसह, अर्धा डुएनशिवाय

२९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्ये मोटरसायकल अपघातात डुएन गेला. वय २४. त्या वेळी हा अल्बम अर्धवट होता. तो १९७२ च्या फेब्रुवारीत आला. कुठल्या गाण्यात तो आहे हे माहीत नसेल तर अर्धा अर्थ निसटतो:

- डुएनशिवाय: 'एंट वेस्टिन टाइम नो मोर', 'ले ब्रेर्स इन ए मायनर', 'मेलिसा'. पहिल्यातली स्लाइड डिकीची आहे. ती डुएनची समजण्याची चूक फार जण करतात.
- फिलमोरमधली लाईव्ह: 'माउंटन जॅम', 'वन वे आउट', 'ट्रबल नो मोर'.
- डुएनसह स्टुडिओत: 'स्टँड बॅक', 'ब्लू स्काय', 'लिटल मार्था'.

'माउंटन जॅम' साडेतेहेतीस मिनिटांचा आहे. त्याची मूळ धून स्कॉटिश गायक डोनोव्हनच्या गाण्यातली. एलपीवर तो दुसऱ्या आणि चौथ्या बाजूवर तोडलेला आहे, म्हणून एलपीवर ऐकत असाल तर दुसरीनंतर तिसरी बाजू सोडून थेट चौथी लावा. सीडीवर आणि ॲपवर तो सलग मिळतो. फिलमोर अल्बमच्या अगदी शेवटी, 'व्हिपिंग पोस्ट' मावळताना याचेच पहिले स्वर ऐकू येतात, कारण १३ मार्चच्या रात्री दोन्ही न थांबता वाजले होते. २०१४ च्या संचात १३ मार्चच्या दुसऱ्या खेळात ते सलग ऐकता येतात. मात्र पाऊण तासाहून जास्त वेळ मोकळा ठेवा.

'ब्लू स्काय'मध्ये पहिला सोलो डुएनचा, मग दोघं क्षणभर एकत्र येतात आणि गाणं डिकीच्या हाती जातं. हा खांदेपालट पुन्हा पुन्हा ऐका. 'लिटल मार्था' ही दोन ॲकॉस्टिक गिटारांची छोटी रचना डुएनची स्वतःची.

यानंतर 'मेकन सिटी ऑडिटोरियम', ११ फेब्रुवारी १९७२. पाचच जण, एकच गिटार. जोडधुनेची एक बाजू रिकामी आहे आणि बेरी व ग्रेग ती भरून काढायला झटताहेत. हे ऐकलं की डुएन काय करत होता ते जास्त कळतं.

७. 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'

११ नोव्हेंबर १९७२ ला बेरी ओकलीही मेकनमध्येच, डुएनच्या अपघाताच्या जागेपासून जवळच, मोटरसायकल अपघातानंतर गेला. १९७३ च्या या अल्बममध्ये तो दोनच गाण्यांत आहे: 'वेस्टेड वर्ड्स' आणि 'रॅम्बलिन मॅन'. बाकी बास लमार विल्यम्सचा. चक लेव्हेल पियानोवर आला आणि दुसऱ्या गिटारची जागा पियानोने घेतली.

गाणी लहान, सुटसुटीत, कंट्रीच्या अंगाची. 'रॅम्बलिन मॅन' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'जेसिका' तुम्ही बहुतेक ऐकलेलं आहे. बीबीसीच्या 'टॉप गिअर'ची धून ती हीच. फिलमोरचा बँड इथे शोधायला गेलात तर निराश व्हाल. हा वेगळा बँड आहे, आणि लेव्हेलचा 'जेसिका'मधला पियानो फार उत्तम आहे.

८. जुने संच: आवाजाच्या दर्जाप्रमाणे

डुएनच्या काळातले संच हवेत तर या क्रमाने जा:

- 'अटलांटा इंटरनॅशनल पॉप फेस्टिव्हल', ३ आणि ५ जुलै १९७०. मेकनजवळच्या बायरनला झालेला. पावसामुळे 'माउंटन जॅम' मधेच थांबतो आणि नंतर पुढे सुरू होतो. संचात बिघाड आहे असं समजू नका.
- 'ए अँड आर स्टुडिओज', २६ ऑगस्ट १९७१. रेडिओसाठी स्टुडिओत मोजक्या श्रोत्यांसमोर. त्याच महिन्यात खून झालेल्या सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसला 'यू डोन्ट लव्ह मी'च्या पोटात वाहिलेली 'सोल सेरेनेड' इथे आहे. माझ्या मते डुएनची सर्वांत हळवी लाईव्ह वाजवणी हीच.
- 'लडलो गराज', सिनसिनाटी, एप्रिल १९७०. ४४ मिनिटांचा 'माउंटन जॅम', आणि 'डिंपल्स'मध्ये चक्क डुएनचं गायन.
- 'द फायनल नोट', १७ ऑक्टोबर १९७१. डुएनचा शेवटचा कार्यक्रम, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपलेला. आवाज अगदीच कच्चा. हा सगळ्यात शेवटी ऐका. सुरुवात इथून केलेल्यांचं मन बसलेलं दिसत नाही.

९. नंतरची वर्षं, आणि काय मागे ठेवायचं

बँड १९७६ मध्ये फुटला, १९७९ मध्ये जुळला, १९८२ मध्ये पुन्हा फुटला. 'विन, लूज ऑर ड्रॉ', 'रीच फॉर द स्काय' आणि 'ब्रदर्स ऑफ द रोड' सध्या बाजूला ठेवा. १९७९ चा 'एनलायटन्ड रोग्ज' सवडीने ऐकायला हरकत नाही.

१९८९ ला वॉरन हेन्स गिटारवर आला आणि बँडला पुन्हा दोन तोडीची गिटारं मिळाली. १९९० चा 'सेव्हन टर्न्स' आणि लाईव्ह 'फर्स्ट सेट' व 'सेकंड सेट' यांनी सुरुवात करा. २००० साली डिकी बाहेर पडला. त्याच्या थोडं आधी, १९९९ मध्ये, बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स आला होता. हेन्स आणि डेरेकच्या जोडीसाठी २००३ चा 'हिटिन द नोट' आणि २००४ चा लाईव्ह 'वन वे आउट' घ्या.

आपल्याकडच्या श्रोत्याने डेरेककडे विशेष लक्ष द्यावं. तो पिक (तार छेडायची छोटी पट्टी) न वापरता बोटांनी वाजवतो, आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदचा संस्कार त्याच्या स्लाइडवर आहे. मींड ओळखणाऱ्या कानाला तो लगेच सापडेल: स्वरावर थेट न उतरता खालून सरकत येणं, तिथे थोडं थबकणं. 'वन वे आउट' अल्बममध्ये आधी त्याची स्लाइड ऐका आणि लगेच फिलमोरवरचं 'स्टेट्सबरो ब्लूज' लावा. डुएन आणि डेरेक यांच्यातला फरक पहिल्याच मिनिटात कानात भरतो.

शेवटचा कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये झाला. तीन भागांचा तो कार्यक्रम मध्यरात्र उलटून २९ तारखेत, म्हणजे डुएनच्या स्मृतिदिनात संपला.

पैसे घालून एकच वस्तू घ्यायची असेल तर २०१४ चा सहा सीडींचा फिलमोर संच घ्या. आधी ॲपवर १३ मार्चचा दुसरा खेळ पूर्ण ऐका. तो मधे न थांबवता संपला तरच मागवा.